गाण्यात गेलेले डॅडी

आपण मेल्याची तारीख दगडावर कोरलेली एल्झी स्टिडहॅमला स्वतःलाच सापडली, आणि तीही हातात गवताचा विळा असताना.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी डेकोरेशन, म्हणून सगळे स्टिडहॅम साफसफाईला टेकडीवरच्या कबरस्तानात चढले होते. मेचा शेवटचा रविवार मेलेल्यांचा. कबरींवरचं गवत काढायचं, मेणात बुडवलेली कागदी फुलं वाहायची, आणि मग तिथंच लांब टेबलं मांडून असं जेवायचं की खालच्यांना हेवा वाटावा. एल्झी आपल्या बायकोच्या दगडापाशी वाकला. म्यूरीचा दगड जोडदगड होता. इकडे तसाच रिवाज आहे. दोघांतलं एक गेलं की दोघांचीही नावं एकदमच कोरून घ्यायची आणि मागे राहिलेल्याच्या मरणाची तारीख तेवढी कोरी सोडायची. अकरा वर्षं एल्झी त्या कोऱ्या जागेकडे बघून "थांब गं जरा, म्यूरी" म्हणत आला होता. आता ती जागा कोरी नव्हती. १४ फेब्रुवारी १९७४, सुबक अक्षरांत. खाली एक छोटीशी गिटार.

"झेला," त्यानं थोरल्या मुलीला हाक मारली. "इकडे ये. मला जाऊन तीन वर्षं झाली म्हणे."

झेला फावडं टाकून आली. तिनं तारीख वाचली, गिटार पाहिली, आणि दगडाच्या पायाशी बसवलेली पितळी पट्टी वाचली: 'व्हर्डी ली चाहता मंडळ, इंडियाना, यांजकडून सप्रेम.' तिचे कान लाल झाले.

"ह्या बायका कधी येऊन गेल्या इथं? कोणाला विचारून कोरलं हे? क्लीट! क्लीट, तुला माहीत होतं?"

तिचा धाकटा भाऊ क्लीट पलीकडे आजोबांच्या कबरीवर एकच फूल तीन-तीनदा सरळ करत होता. म्हणजे माहीत होतं.

"तारखेचं जाऊ दे," एल्झी म्हणाला. "आज ना उद्या पडायचीच होती. पण झेला, माझ्या डोक्याशी गिटार?"

त्याचं दुःख खरं होतं. स्टिडहॅम ज्या देवळात जात तिथं पेटी नाही, पियानो नाही, काही नाही. एकानं उभं राहून भजनाची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती ओढत ओढत, रडल्यासारखी, डोंगर हलेपर्यंत म्हणायची. एल्झी चाळीस वर्षं ओळ सांगणारा होता. देवानं गळा फुकट दिलेला असताना तारा कशाला लागतात, हे त्याला कधीच कळलं नाही. धाकटी मुलगी व्हर्डी सतराव्या वर्षी टपालानं मागवलेली गिटार खांद्याला लावून निघाली, तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला होता, "ते लाकूड घेऊन गेलीस तर मी तुला मेलो." व्हर्डी गेली. बोललेला शब्द असा कुठल्या दिशेनं फिरून येईल सांगता येत नाही.

व्हर्डीची कहाणी सगळ्या अमेरिकेला माहीत होती, आणि तिच्यातली निम्मी खोटी होती. आधी मैद्याच्या कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमात सकाळी सहा वाजता गाणी म्हणणारी पोरगी. मग कंट्री संगीताचं नॅशव्हिल, चौकड्यांचे झगे, आणि बारा वर्षं दारूड्या नवऱ्यांची गाणी. ती गाता गाता स्वतःचेही तीन नवरे झाले: एक ड्रम वाजवणारा, एक बसचा ड्रायव्हर, एक दातांचा डॉक्टर. रेकॉर्ड कंपनीनं 'स्टिडहॅम' छाटून 'ली' लावलं, केस आधी काळे, मग सोनेरी केले. पुढं लॉस एंजेलिस. तिथं कोणीतरी तिच्या मागे वीस व्हायोलिनवाले बसवले आणि व्हर्डी पॉप झाली. कंट्रीवाले म्हणाले, ही बाटली. पॉपवाले म्हणाले, हिचे उच्चार गावठी. धड ना इकडची ना तिकडची अशी ती लोंबकळत असताना एल्झीला न्यूमोनिया झाला.

छातीत आधीच तीस वर्षांची कोळशाची धूळ. डॉक्टर म्हणाले, सकाळ दिसणार नाही. क्लीटनं दुकानातल्या फोनवरून व्हर्डीला कळवलं. ती त्या वेळी स्टुडिओत एका अडून बसलेल्या गाण्याशी झगडत होती. घर सोडून गेलेल्या मुलीचं गाणं होतं, पण त्याला शेवट मिळत नव्हता. फोन ठेवला आणि शेवट मिळाला. रडत आत गेली, एका दमात गाऊन मोकळी झाली. इकडे एल्झीनं सकाळी डोळे उघडले आणि दवाखान्यातल्या लाल थुलथुलीत जेलीला शिव्या घातल्या. क्लीटनं पुन्हा फोन करायचा कंटाळा केला आणि कार्ड टाकलं: 'डॅडी बरे आहेत. इकडे बर्फ.' कार्ड तिला शोधत चार गावं हिंडलं. तोवर रेकॉर्ड निघाली होती. कंट्रीच्या यादीत पहिली, पॉपच्या यादीतही पहिली. रेडिओवाल्यानं विचारलं, "कधी गेले हो?" आणि व्हर्डीला हुंदका आला. हुंदक्याचा अर्थ लोकांनी आपापल्या सोयीनं लावला.

तेव्हापासून एल्झी स्टिडहॅम गाण्यात मेलेला आणि कॅनी फोर्क गावच्या वळणावर तंबाखू थुंकत बसलेला, असा दोन ठिकाणी होता. गाण्यातला एल्झी अनवाणी खाणीत जायचा आणि मुलीचं नाव ओठांवर घेऊन मरायचा. खऱ्या एल्झीचा सगळा राग त्या अनवाणीवर होता.

झेलाचा राग वेगळा होता. तीन वर्षं ती दुकानात गेली की बाहेरून आलेली कोणीतरी बाई तिचा हात धरून म्हणे, "तुमच्या वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं." आणि झेलाच्या पिशवीत त्याच वडिलांसाठी खोकल्याचं औषध असे. तिनं लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, त्या म्हाताऱ्याची छाती शेकली, पाय चेपले, रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी भांडण केलं. आणि सगळ्या देशाच्या लेखी ते घरच रिकामं होतं. त्या शनिवारी टेकडी उतरताना तिनं ठरवलं, उद्या ह्याचा निकाल लावायचा. उद्या चाहता मंडळाची बस येणार होती, कबरीवर फुलं वाहायला. व्हर्डीनं सर्वांसमोर सांगावं की डॅडी जिवंत आहेत. नाही सांगितलं तर झेला सांगेल.

रविवारी सकाळी व्हर्डीची लांबलचक चंदेरी बस पहिल्याच वळणावर रुतली, आणि देशाची लाडकी गायिका क्लीटच्या ट्रकमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून टेकडीवर आली. काळा चष्मा, पांढरी पँट, डोक्यावर केसांचा एवढा डोलारा की ट्रकच्या टपाला लागून वरून चपटा झालेला.

एल्झी आपल्या घडीच्या खुर्चीत बसला होता. त्यानं मुलीकडे पाहिलं, मग झेलाकडे.

"झेला, तिला विचार, बसचा रेडिएटर फुटला का."

"डॅडी, ती समोर उभी आहे."

"माहितीये. विचार."

व्हर्डी म्हणाली, "नाही फुटला, डॅडी."

"झेला, तिला सांग, बरं झालं."

वर्षातून एकदा ती यायची आणि वर्षातून एकदा हे असं चालायचं. झेलानं बहिणीला दंडाला धरून टेबलांच्या मागे नेलं. तिथं तळलेल्या कोंबडीचे डबे, वाळवलेल्या शेंगांची भाजी, मक्याचे पाव आणि सहा थरांचा सफरचंदाचा केक मांडून ठेवला होता.

"दगड पाहिलास?"

"पाहिला." व्हर्डीनं चष्मा काढला. डोळ्यांखाली काळं होतं. चाळिशीला आलेली बाई दिसत होती, रेकॉर्डवरची नाही. "झेला, देवाशपथ, मी सांगितलं नव्हतं त्यांना कोरायला."

"मेल्याचं सांगितलंस. कोरणं ओघानंच आलं. आज त्या बायकांना खरं सांग."

"आज नको. पुढच्या महिन्यात नवी रेकॉर्ड येतेय. आधीच्या दोन पडल्या. ही पडली तर मी पुन्हा मैदा विकायला मोकळी. लोक माझ्यावर प्रेम करतात ते त्या एका गाण्यामुळे. त्यांना कळलं की सगळं खोटं होतं..."

"मग कळू दे!"

"खोटं नव्हतं ते," व्हर्डी एकदम चिडून म्हणाली. "त्या दिवशी मी खरंच रडले होते. आणि 'मी तुला मेलो' हे कोण म्हणालं होतं? मी? बावीस वर्षं त्या माणसानं माझं नाव घेतलेलं नाही. मीठसुद्धा तुझ्यामार्फत मागतो. गाण्यात तरी घेतलं त्यानं. गाण्यात तरी शेवटी हाक मारली."

तेवढ्यात क्लीट आला, कोटाला बिल्ला लावून. नोव्हेंबरात तो कौंटीच्या जेलरपदाची निवडणूक लढवत होता.

"हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी कुणाचीच बाजू घेत नाही. पण माझ्या पत्रकावर 'अनाथ' असं छापून गेलंय."

"काय?"

"आई नाही, वडील गाण्यात गेले. लोकांना भावतं ते. झेला, नोव्हेंबरपर्यंत कळ काढ ना. मग जिवंत करू त्यांना, वाजतगाजत करू."

"त्रेचाळीस वर्षांचा घोडा आणि म्हणे अनाथ! तुला जेलर नाही, जेलमध्येच घालायला हवं. व्हर्डी, तुला शेवटचं सांगते. त्या बायका वर आल्या की तू बोल. नाहीतर मी बोलते. मला गाता येत नाही, पण ओरडता येतं."

"ते सगळ्या फोर्कला माहितीये," टेबलाच्या पलीकडून एल्झी म्हणाला. म्हातारा काठी न वाजवता येऊन उभा राहिला होता. कधीपासून, ते देव जाणे. त्यानं ताटात कोंबडीची तंगडी घेतली, दोन पाव घेतले आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मेलेल्याला कोणी विचारलं का, त्याचं काय म्हणणं आहे?"

कोणीच विचारलं नव्हतं. तो ताट घेऊन आपल्याच कबरीकडे चालू लागला.

दुपारी एकच्या सुमाराला बायका आल्या. चाळीसेक असतील, गळ्यात पिवळे रुमाल, धापा टाकत, एकमेकींना ढकलत. दोन-चार नवरेही होते, कॅमेरे सांभाळायला आणलेले. पुढं मंडळाच्या सेक्रेटरी डॉटी पॉलहेमस, साठीच्या, ठेंगण्या, हातात गिटारच्या आकाराची फुलांची भलीमोठी माळ. व्हर्डीला पाहून चाळीसच्या चाळीस एकदम रडल्या. मग दगडाकडे वळल्या, आणि थबकल्या. कबरीला टेकून खुर्ची टाकून एक म्हातारा तंगडी खात बसला होता.

झेला पुढं सरसावली. तोंड उघडलं.

"मी होबर्ट," एल्झी तिच्या आधी म्हणाला. "ह्याचा धाकटा भाऊ." आणि त्यानं तंगडीनं दगडाकडे दाखवलं.

स्टिडहॅमांच्या सात पिढ्यांत होबर्ट नावाचं माणूस झालं नव्हतं. क्लीटनं घाईघाईनं टोपी काढून छातीशी धरली. झेलाचं तोंड उघडंच राहिलं.

"बाई गं," डॉटीबाई भारावून म्हणाल्या, "चेहऱ्यात किती साम्य असेल!"

"तो दिसायला बरा होता. बाकी सगळा वाईट."

"असं कसं म्हणता!"

"मग कसं म्हणू? हेकट होता. खाणीत खेचरं होती तेव्हा सगळ्यांत हट्टी खेचर ह्याच्या वाट्याला द्यायचे, दोघं एकमेकांना पुरे पडतील म्हणून. शेवटी खेचरानं माघार घेतली. उभ्या आयुष्यात 'चुकलो' म्हणाला नाही. एकदा जिना समजून खिडकीतून उतरला, पाय मोडला, तरी म्हणाला, मला इथूनच उतरायचं होतं."

बायका हसावं की रडावं अशा गोंधळल्या. डॉटीबाईंनी डोळे पुसले. "आणि इतकी गरिबी. अनवाणी खाणीत जायचे, गाण्यात ऐकून माझ्या पोटात तुटतं."

"बूट होते!" एल्झी खुर्चीतून अर्धा उठला. "दोन जोड होते! रविवारचे वेगळे! कोणी सांगितलं अनवाणी?" मग आपण कोण आहोत हे आठवून तो खाली बसला. "म्हणजे मी पाहिले होते. त्याच्या पायात."

झेलाला हसू येत होतं आणि हसू येतंय याचा रागही येत होता. तीन वर्षं जी ओळ तिनं जिभेवर घोळवली, ती बोलायची संधी हा म्हातारा चोरून नेत होता, आणि वर मजेत होता. मेल्यापासून त्याची तब्येत इतकी चांगली तिनं कधी पाहिली नव्हती.

"पण शेवटी," डॉटीबाई हळूच म्हणाल्या, "शेवटी त्यांनी लेकीचं नाव घेतलं ना? गाण्यात आहे तसं?"

व्हर्डी दोन कबरी सोडून उभी होती. काळा चष्मा पुन्हा चढवलेला.

एल्झीनं ताटातला पाव उचलला, परत ठेवला.

"नाव नाही घेतलं," तो म्हणाला. "बावीस वर्षं... म्हणजे मरेपर्यंत घेतलं नाही. घरात 'ती' म्हणायचा. पण आता तुम्ही विचारलंत आणि तो काही ऐकायला नाही, म्हणून सांगतो. घरात रेडिओ नव्हता. त्यानंच बंदी घातली होती. तर हा शनिवारी संध्याकाळी पोराच्या ट्रकमध्ये जाऊन बसायचा. काचा वर करून. जून महिन्यात. तिची गाणी लागायची ना नॅशव्हिलहून. घामानं निथळत घरात यायचा आणि म्हणायचा, इंजिन तपासत होतो. सहा वेळा बॅटरी उतरवली त्यानं त्या ट्रकची."

"माझी बॅटरी तुम्ही—" क्लीट म्हणाला. झेलानं त्याच्या पायावर पाय दिला.

"ते व्हायोलिनचं लटांबर त्याला आवडायचं नाही. मांजरांची पोतडी म्हणायचा. पण ती ओळीचा शेवट जिथं ओढते, खाली नेऊन मग हळूच वर आणते, ते तिला कुठल्या कंपनीनं शिकवलेलं नाही. ते आपल्या देवळातलं आहे. त्याच्या मांडीवर बसून शिकली होती ती, चार वर्षांची असताना. त्याला ते प्रत्येक गाण्यात ऐकू यायचं. आणि ते ऐकलं की तो..." एल्झीनं बाहीनं तोंड पुसलं. "जाऊ दे. गाढव होता. सांगायला हवं होतं त्यानं."



व्हर्डी चष्मा काढून पुढं आली. काजळ गालांवर ओघळलेलं होतं, त्याची तिला पर्वा नव्हती. "हे होबर्टकाका नाहीत," ती म्हणाली. "असा काका आम्हाला नाहीच. हे माझे डॅडी आहेत. ते मेलेले नाहीत. कधी मेलेच नव्हते. मी तुम्हाला तीन वर्षं खोटं सांगितलं. मला माफ करा."

जे झेलाला हवं होतं ते झालं होतं.

डॉटी पॉलहेमसनी माळ गवतावर ठेवली, व्हर्डीजवळ गेल्या आणि तिला घट्ट मिठी मारली. "रड, बाळा. रडून घे. माझा हॅरॉल्ड गेला तेव्हा मी वर्षभर टपालवाल्याला हॅरॉल्ड म्हणत होते. त्यानंही बिचाऱ्यानं चालवून घेतलं."

"अहो नाही, खरंच—"

"हो गं, खरंच वाटतं तसं."

"दगडावरची तारीख चुकीची आहे!"

"सगळ्यांनाच चुकीची वाटते," डॉटीबाई म्हणाल्या, आणि मागच्या चाळीसजणी हुंदके देऊ लागल्या. व्हर्डी जितकं कळवळून सांगे तितका त्यांना अधिक उमाळा येई. उभ्या आयुष्यात तिनं कुठल्या स्टेजवर इतक्या मनापासून काही म्हटलं नव्हतं, आणि त्याचीच पंचाईत झाली. क्लीट हळहळून म्हणाला, "घरात आम्ही सांभाळून घेतो तिला." व्हर्डीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जेलर होण्याआधीच त्याला पहारा लागला असता.

"झेला!" ती ओरडली. "तू सांग ना यांना!"

डॉटीबाई वळल्या. "तुम्ही थोरल्या, नाही का? तुमच्याकडे पाहूनच कळतं, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुम्हीच सांगा. हे कोण?"

सगळे पिवळे रुमाल झेलाकडे फिरले. तीन वर्षं तयार ठेवलेलं वाक्य तोंडात होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. म्हातारा तिच्याकडेच पाहत होता आणि घाबरलेला होता. झेलानं त्याला खाण कोसळली तेव्हाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तिला कळलं. तिनं 'डॅडी' म्हटलं की हा लगेच डॅडी होणार, आता बोललेलं सगळं गिळणार, आणि उद्या मीठ मागायला पुन्हा तिचाच वापर करणार. जिवंतपणी त्याच्या तोंडून असलं काही निघणं शक्य नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती चांगली नव्हती, पण खरी होती. झेलाला मत्सर वाटत होता. बावीस वर्षं दूर राहिलेल्या पोरीला तिचा वाटा मिळाला, बॅटऱ्यांसकट. जी जवळ राहिली तिनं आजवर काय ऐकलं? भाजीत मीठ कमी आहे. बूट कुठं ठेवलेस. हळू बोल, झोपू दे.

"हे आमचे होबर्टकाका," झेला म्हणाली.

व्हर्डीचा चेहरा पडला. क्लीटनं सुस्कारा सोडला. झेला मात्र थांबली नाही. तिनं हात एप्रनला पुसले, जणू काही चिकटलं होतं.

"काका," तिनं विचारलं, आणि आपला आवाज एवढा लहान निघालेला ऐकून तिची तिलाच लाज वाटली. "डॅडी माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का हो?"

एल्झीनं ताट गवतावर ठेवलं. त्यानं दगडाकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"झेलाबद्दल काय बोलणार," तो शेवटी म्हणाला. "घरातल्या माणसाबद्दल कोण बोलतं?" मग घसा साफ केला. "त्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी हात टेकले. पाद्री येऊन गेला. आणि एल्झी तयार होता बरं का, अगदी तयार होता. दुखायचं थांबलं होतं. म्यूरी दारात उभी दिसत होती, हिरव्या झग्यात. हात पुढं केलेला. तेवढ्यात बाहेरून झेलाचा आवाज आला. नर्सशी भांडत होती. माझ्या बापाच्या पायांवर दुसरं पांघरूण का नाही म्हणून. सगळा दवाखाना गोळा केला होता तिनं. आणि ह्याच्या मनात आलं, मी गेलो तर ही पोरगी आता भांडणार कुणाशी? दुसरं आहे कोण तिला?"

"मग?" डॉटीबाईंनी विचारलं.

"मग काय. म्यूरीला म्हणाला, तू हो पुढं. आणि मागं फिरला."

डॉटी पॉलहेमसनी दगडावरची तारीख पाहिली. मग म्हाताऱ्याचे बूट पाहिले. रविवारचे, वेगळे. तारखेकडे पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा हात हळूहळू तोंडावर गेला.

झेलाला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक लाल झालं होतं, आणि ती चाळीस परक्या माणसांसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तीन वर्षं!" ती टेकडी दणाणेल अशी ओरडली. "तीन वर्षं मी ह्या माणसाचं सगळं करते, आणि हे एकदा, एकदा तरी सांगता आलं नाही तुम्हाला, डॅडी?"

एल्झी खुर्चीत मागे टेकून बसला.

"बघा," तो समाधानानं डॉटीबाईंना म्हणाला. "सुरू झाली."